लेहचा अनुभव आणि कोथरूडची थंडी

पुणेकराला थंडी आधी पेपरात वाजते आणि मग अंगाला. सकाळी तापमानाचा आकडा वाचल्याशिवाय त्याला स्वेटर घालावासा वाटत नाही, आणि एकदा वाचला, की मग दुपारी टळटळीत उन्हातही काढावासा वाटत नाही. डिसेंबर लागला, की कोथरूडच्या त्रिवेणी सोसायटीतले यच्चयावत पुरुष माकडटोप्या घालून दूध आणायला निघत आणि एकमेकांना ओळखू न आल्यामुळे भांडणंही जरा कमी होत.

दीनानाथ आगाशे यांना हे सगळं बघून कीव येई. हवाई दलात विमानांच्या देखभालीत त्यांची नोकरी झाली होती आणि त्यातले काही हिवाळे लेहला गेले होते. ही गोष्ट सोसायटीत ठाऊक नसलेला माणूस म्हणजे कालच राहायला आलेला भाडेकरू. आणि त्यालाही ती आज संध्याकाळपर्यंत कळणारच. "लेहला आम्ही..." असं त्यांनी म्हटलं, की ऐकणाऱ्याला एकाएकी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवे. दीनानाथराव अर्ध्या बाह्यांच्या शर्टात पेपर आणायला खाली उतरत, माकडटोप्यांकडे बघत आणि म्हणत, "ही काय थंडी आहे? ही नुसती हवा आहे."

त्यामुळे एका गुरुवारी सकाळी त्यांची लाल गाडी सुरू झाली नाही, तेव्हा सोसायटीला जो आनंद झाला, तो समजून घ्यायला हवा.

गाडी तशी जुनी होती. किल्ली फिरवली, की आधी कुरकुरायची, मग खोकायची आणि मग चालायला लागायची. त्या दिवशी ती नुसती 'खट्' म्हणाली. दुसऱ्यांदा तेवढंही म्हणाली नाही. स्टिअरिंगवर दीनानाथरावांच्या पत्नी हेमाताई बसल्या होत्या, पाठीमागच्या काचेवर तांबडा 'एल' चिकटवलेला होता आणि येत्या सोमवारी त्यांची लायसन्सची परीक्षा होती.

या परीक्षेचं थोडं सांगायला पाहिजे. आदल्या वर्षी दीनानाथरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी बांधलेला नवरा आणि दारात उभी असलेली गाडी, दोन्ही जागच्या जागी. आणि हेमाताई कोपऱ्यावर उभ्या राहून रिक्षावाल्यांचे नकार गोळा करतायत. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "मी गाडी शिकणार." बासष्टाव्या वर्षी शिकल्याही. पण पहिल्या परीक्षेत चढावर गाडी बंद पडली, त्या घाबरल्या आणि नापास झाल्या. शिकाऊ लायसन्सची मुदत आता संपत आली होती. सोमवारची परीक्षा ही शेवटची संधी. "या वेळी नाही जमलं, तर मी पुन्हा नाव काढणार नाही," असं त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, आणि दीनानाथरावांनी हातातला पेपर खाली ठेवला होता. कारण हेमाताईंनी आयुष्यात असं एकदाच म्हटलं होतं. बदलीच्या गडबडीत बी.एड. अर्धं राहिलं तेव्हा. त्याचं नाव त्यांनी खरोखरच पुन्हा काढलं नव्हतं.

"तू फक्त चालव," दीनानाथराव तेव्हा म्हणाले होते. "गाडी सुरू करून द्यायची जबाबदारी माझी. अगं, उणे वीसमध्ये विमानं उडवलीत मी."

उडवली दुसऱ्यांनी होती, यांनी सुरू करून दिली होती. पण ते असो.

आता बॉनेट उघडून ते उभे राहिले, आणि बॉनेट उघडं दिसलं की पुण्यातला माणूस सरळ पुढे जाऊ शकत नाही. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, गरम पाणी ओता. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, मुळीच ओतू नका, विका. एकांनी गाडीचं तोंड पूर्वेला करून लावायला सांगितलं. ते उन्हासाठी की वास्तूसाठी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. परभणीचा वैजनाथ, तळमजल्यावर भाड्याने राहणारा आयटीतला मुलगा, पाठीला लॅपटॉप लावून चालला होता, तो थांबला.

"काका, थंडीनं बसली का गाडी? धक्का मारू का?"

"धक्का?" दीनानाथरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "विमानाला कोणी धक्का मारतं का?"

"विमान नाही ना काका हे."

"तत्त्व तेच. थंडीत बॅटरीचा जीव निम्मा होतो आणि तेल घट्ट होतं. लेहला आम्ही..."

"काका, माझी कॅब आली," वैजनाथ म्हणाला. कॅब आलेली नव्हती, पण मुलगा हुशार होता.

लेहला ते काय करत, हे शुक्रवारी संध्याकाळी हेमाताईंना प्रत्यक्षच दिसलं. तिथे म्हणे सूर्य मावळला, की गाड्यांच्या बॅटऱ्या काढून माणसांसारख्या घरात आणून ठेवत. दीनानाथरावांनी बॅटरी सोडवली, तान्ह्या मुलासारखी पोटाशी धरली आणि लिफ्टपाशी आले. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी रंगराव देवस्थळी उभे होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस त्या खात्यातलं पाणी सोडून बाकी सगळं घेऊन आला होता. सोसायटीतल्या सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. लिफ्टच्या दारावर होती: 'लिफ्ट माणसांसाठी आहे. सामानाला पाय नसले, तरी मालकाला आहेत.'

"बॅटरी सामानात येते," रंगराव म्हणाले.

"अहो, पण हिला दोन मिनिटं..."

"पाटी वाचता आली का?"

"आली."

"मग छान झालं."

दीनानाथराव जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेले. स्वाभिमानी माणसाला लिफ्टपेक्षा जिना लवकर चढता येतो, पण तो कमरेला विचारून चढत नाही. वर जाऊन त्यांनी बॅटरी दिवाणावर ठेवली आणि थंडी लागू नये म्हणून तिच्यावर जे हाताला लागलं ते पांघरलं. हाताला जी लागली, ती हेमाताईंच्या माहेरची दुलई होती.

सकाळी बॅटरी निघाली आणि तिच्याबरोबर दुलईचा एक तळहाताएवढा तुकडाही निघाला. ॲसिडचं काम मोठं सफाईदार असतं.

हेमाताईंनी दुलई उचलली, त्या भोकातून नवऱ्याकडे पाहिलं आणि घडी घालून ठेवून दिली. याच्यापेक्षा त्या बोलल्या असत्या तर बरं, असं दीनानाथरावांना वाटलं.

बॅटरी मात्र गरम राहिली होती. शनिवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, हेमाताईंनी कर्वे रस्त्याला एक फेरी मारली, आणि दीनानाथरावांनी तीन मजल्यांच्या दिशेने एक नजर टाकली. कोणी बघत नव्हतं. यश मिळतं तेव्हा लोक नेमके आंघोळीला गेलेले असतात. त्या आनंदात संध्याकाळी ते पुन्हा बॅटरी घेऊन जिना चढायला लागले, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कमरेतून असा काही आवाज आला, की त्यांना आधी बॅटरीच फुटली असं वाटलं. आवाज ऐकून वर आलेल्या वैजनाथने एका हाताने बॅटरी आणि दुसऱ्या हाताने काका असं दोघांनाही सावरलं. बॅटरी खाली गाडीत गेली आणि काका वर, पट्टा बांधून खाटेवर.

आता बॅटरी वर नेणं संपलं. पण हवाई दलाचा माणूस हार मानत नसतो. विमानाच्या इंजिनात सकाळी गरम हवा सोडतात, हे त्यांना आठवलं. गरम हवा नाही तर निदान बॉनेटखाली जुन्या पद्धतीचा एक मोठा पिवळा बल्ब लावून ठेवावा, उबेने काम होईल. रविवारी सकाळी कंबर धरून ते विजेच्या दुकानात गेले.

"तसला बल्ब?" दुकानदार हातातल्या मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "सोमवारी या."

"सोमवारी येणार आहे?"

"नाही. सोमवारी आम्ही बंद असतो."

बल्ब शेवटी यमुनाबाईंच्या माळ्यावर निघाला. यमुनाबाई तळमजल्यावर राहत, वय पंच्याऐंशी, आणि माळ्यावर काय काय आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. अडचण वायरची होती. तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडायला रंगरावांची परवानगी लागे.

"सामाईक भिंतीवरून खाजगी वायर," रंगराव म्हणाले. "अर्ज द्या. कमिटीपुढे ठेवतो."

"कमिटी कधी बसते?"

"महिन्याचा पहिला रविवार."

"अहो, परीक्षा उद्या आहे!"

"मग त्यांना अर्ज द्या. परीक्षा पुढे ढकला."

दीनानाथरावांचा चेहरा लाल झाला. एवढ्यात यमुनाबाई गॅलरीत आल्या. त्यांची गॅलरी पार्किंगमध्येच उघडत असे. "रंग्या," त्या म्हणाल्या, "वायर माझ्या गॅलरीतून जाईल. काही म्हणायचंय?"

रंगराव चौथीत असताना यमुनाबाई त्यांच्या वर्गशिक्षिका होत्या. रंगरावांना काही म्हणायचं नव्हतं.

रविवारी सूर्य मावळायच्या आत बॉनेटखाली बल्ब पेटला. फटीतून पिवळा उजेड बाहेर येत होता आणि गाडी एखाद्या मखरासारखी दिसत होती. पेपरात आलं होतं, की उद्याची पहाट मोसमातली सगळ्यात थंड असेल. "असू दे," दीनानाथराव म्हणाले. त्यांनी गाडीवर दोन चादरी टाकल्या, कडा विटांनी दाबल्या आणि कमरेला शेक घेऊन शांतपणे झोपले.

आता उबदार, पिवळ्या उजेडाची, वरून चादर घातलेली, आडोशाची खोली रिकामी राहत नाही. कोथरूडमध्ये तर नाहीच नाही.

सोमवारी उजाडताना दीनानाथरावांनी बॉनेट उघडलं, तेव्हा बॅटरीच्या शेजारी सोसायटीतली भुरी मांजर पहुडली होती आणि तिच्या पोटाशी पिल्लं होती. किती, ते मोजता येत नव्हतं. सगळी एकमेकांत शिरली होती. मांजरीने दीनानाथरावांकडे पाहिलं आणि दार लावून घ्या, अशा अर्थाने डोळे मिटले.

त्यांनी हात पुढे केला, तो मागून आवाज आला, "खबरदार!"

यमुनाबाई शाल घेऊन उभ्या होत्या. "बाळंतीण आहे ती. दहा दिवस हलवायची नाही."

"यमुनाबाई, अहो, परीक्षा आहे! तासाभरात निघायचंय!"

"परीक्षा पुन्हा येतात. हिची कूस उजवलीय."

"इंजिनात?"

"शेगडीपाशीच ठेवतात बाळंतिणीला. तुम्ही शेगडी लावलीत, ती आली. तिचं काय चुकलं?"

लेहला हा प्रसंग आला नव्हता. खिडक्या उघडल्या, माकडटोप्या बाहेर आल्या. कोणी म्हणालं, प्राणिमित्रांना फोन करा. कोणी म्हणालं, रिक्षा करा. कोणी विचारलं, पिल्लांचे डोळे उघडलेत का. बारशाची तारीख काढायचीच काय ती बाकी होती. रंगरावांनी पार्किंगमध्ये जनावर पाळण्यासंबंधीचा नियम काढला आणि यमुनाबाईंकडे बघून परत ठेवला.

हेमाताई खाली आल्या. परीक्षेसाठी त्या इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि वर गेल्या. दीनानाथरावांना वाटलं, संपलं. आता ही साडी बदलेल, कुकर लावेल आणि गाडीचं नाव पुन्हा कधी काढणार नाही. कमरेतल्या कळेपेक्षा ही कळ मोठी होती. ते गाडीला टेकून उभे राहिले, आणि सगळ्या सोसायटीदेखत त्यांना रडू येईल की काय असं झालं.

हेमाताई परत आल्या त्या हातात दुलई आणि कपड्यांची वेताची टोपली घेऊन.

"यमुनाबाई, तुमच्या गॅलरीत बाळंतिणीची खोली केली तर?" त्या म्हणाल्या. "दुलई माहेरची आहे. बल्बही तिथेच लावू."

यमुनाबाईंनी दुलई चाचपून पाहिली. भोक पाहिलं. "वाराही खेळता राहील," त्या म्हणाल्या आणि परवानगी मिळाली. एकेक पिल्लू रुमालात धरून त्यांनी स्वतः उचललं, आणि मागोमाग भुरी कुरकुरत, पण बल्बच्या दिशेने चालती झाली.

या सगळ्या सोहळ्यात वेळ गेला आणि उघड्या बॉनेटातून ऊबही गेली. हेमाताईंनी किल्ली फिरवली. गाडी 'खट्' म्हणाली.

कोणीच काही बोललं नाही. त्रिवेणी सोसायटीत असा क्षण वर्षातून एखाद्या वेळीच येतो.

दीनानाथरावांनी इकडे तिकडे पाहिलं. मग ते वैजनाथपाशी गेले आणि खाली मान घालून म्हणाले, "धक्का मारतोस का रे बाबा?"

"काका, कधीपासून तेच म्हणायलोय मी," वैजनाथ म्हणाला आणि बाह्या सरसावल्या. "ह्याला काय थंडी म्हणायलेत तुम्ही? आमच्या परभणीला या एकदा."

लेहवर परभणी आली, तरी दीनानाथराव गप्प बसले. प्रसंगच तसा होता.

फाटकाबाहेर उतार होता. माकडटोप्या गोळा झाल्या. हेमाताई स्टिअरिंगवर, वैजनाथ मागे, दीनानाथराव कंबर धरून बाजूला. "हेमा, नीट ऐक. दुसरा गिअर. क्लच दाबून ठेव. मी 'सोड' म्हटलं, की सोडायचा. मी म्हटल्याशिवाय नाही!"

"थांबा!" रंगराव ओरडले. ते पायजमा, बंडी आणि माकडटोपीत होते. "शिकाऊ चालकाशेजारी लायसन्सवाला बसलेला पाहिजे. नियम आहे."

"मी बसणारच आहे. गाडी सुरू झाली की."

"सुरू झाल्यावर कसं? फाटकाबाहेर सार्वजनिक रस्ता सुरू होतो. आधी बसायला हवं."

"अहो, या कमरेने मला आत वाकता येत नाही पटकन!"

"मग लायसन्सवाला म्हणून नियमापुरता मी बसतो," असं म्हणून रंगराव दार उघडून आत बसले. ते ढकलण्यातून सुटण्यासाठी बसले, असं नंतर काही लोक म्हणाले; पण लोकांचं काय?

गाडी ढकलली गेली. फाटक गेलं, उतार लागला, चाकं पळायला लागली. दीनानाथराव कंबर विसरून पळू लागले. योग्य क्षण त्यांना डोळ्यांपुढे दिसत होता. त्यांनी 'सोड' म्हणण्यासाठी श्वास भरून घेतला, आणि तो बाहेर पडायच्या आत हेमाताईंनी क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला, धूर सोडला आणि सुरू झाली.

"थांब! मला घे!" दीनानाथराव ओरडले.

"थांबले तर बंद पडेल!" खिडकीतून आवाज आला. "तुम्ही मागून या!"

मागच्या काचेतून रंगरावांची माकडटोपी गरकन वळली. त्यांचं तोंड हलत होतं. 'पायजमा' एवढा शब्द ऐकू आला. तांबडा 'एल' कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला.

परीक्षेचं मैदान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. वैजनाथने ऑफिसला "थोडा इश्यू आहे" असं कळवलं आणि काकांना मोटारसायकलवर मागे घेतलं. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात खडकीपर्यंत पोचेतो दीनानाथरावांचे दात वाजू लागले. "काका, काही म्हणालात?" वैजनाथने विचारलं. काका काही म्हणाले नव्हते. पुढच्या सिग्नलला वैजनाथने खिशातली माकडटोपी काढून मागे दिली आणि काकांनी ती घातली.

ते पोचले तेव्हा लाल गाडी रांगेत पहिली उभी होती. इंजिन चालू. शेजारी रंगराव पायजम्यात, पण छाती काढून. ज्याने कोणी "इंजिन बंद करा" म्हटलं, त्याला त्यांनी असं करू नये यासाठी कारणं सांगितली होती आणि कारणं संपल्यावर कलमं. आयुष्यात पहिल्यांदाच ते नियमाच्या विरुद्ध बाजूने लढत होते आणि त्यांना ते आवडलेलं दिसत होतं.

"आगाशे, बाई फार शांत चालवतात हो," ते तारेच्या कुंपणापाशी येऊन म्हणाले. "मी दोनदा ओरडलो. त्यांनी मला खिडकीबाहेर बघायला सांगितलं."

एवढ्यात निरीक्षक गाडीपाशी आले. "मॅडम, इंजिन बंद करा. चाचणी सुरू करण्यापासून असते."

कुंपणाच्या अलीकडे दीनानाथरावांनी तार घट्ट धरली. ओरडून सांगावंसं वाटत होतं: हेमा, थोडा वेळ जाऊ दे, दिवे बंद कर, किल्ली हळू फिरव. पण इतक्या लांबून ऐकू जाणार नव्हतं, आणि गेलं असतं तर नापासच केलं असतं. जन्मात पहिल्यांदा त्यांना करण्याजोगं काहीच नव्हतं.

हेमाताईंनी किल्ली मागे घेतली. इंजिन थांबलं. त्यांनी पदर सारखा केला, आरसा सारखा केला, एकदा खोल श्वास घेतला आणि किल्ली फिरवली. गाडी कुरकुरली, खोकली आणि चालू झाली. पार कोथरूडपासून पळत आली होती, अंगात ऊब आली होती तिच्या.

मग हेमाताईंनी आठ काढला. मागे घेऊन दाखवली. चढ आला, तिथे गाडी थांबवली, आणि दीनानाथरावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी चढाच्या पलीकडे होती आणि वैजनाथ मोटारसायकलचा हॉर्न वाजवत होता.

बाहेर आल्यावर हेमाताई फक्त "झालं" म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता, की दीनानाथरावांना माकडटोपीच्या आत हुंदका आला आणि तो त्यांनी लपवला नाही. पुढची सीट रंगराव सोडेनात. नियमाने आपण सकाळपासून इथे आहोत, असं त्यांचं म्हणणं पडलं. दीनानाथराव आपल्याच गाडीत मागे बसले. त्यांना पुढचा रस्ता बायकोच्या खांद्यावरून दिसत होता.

कोथरूडला जायचं वळण आलं आणि मागे पडलं.

"हेमा, अगं, वळण गेलं!"

"गेलं नाही," हेमाताई म्हणाल्या. "सोडलं. जरा लांबून जाऊ."

"पण मी पायजम्यात आहे!" रंगराव ओरडले.

हेमाताईंनी गिअर बदलला. दीनानाथराव मागे रेलून बसले. कुठे चाललो आहोत, हे त्यांनी विचारलं नाही.